फुप्फुसातला गोरिला कोणाला दिसला?

फुप्फुसात गोरिला. तुम्ही बरोबर वाचलंत.

२०१३ साली बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये ट्रॅफ्टन ड्र्यू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वूल्फ या तिघा संशोधकांनी छातीच्या एका सीटी स्कॅनमध्ये चक्क एका गोरिलाचं चित्र चिकटवलं. मग २४ रेडिओलॉजिस्टना बोलावून सांगितलं, की या स्कॅनमध्ये फुप्फुसातल्या बारीक गाठी शोधा. गोरिला काही कोपऱ्यात लपवलेला नव्हता. सरासरी गाठीच्या ४८ पट मोठा होता आणि स्कॅनच्या एकापाठोपाठच्या पाच चकत्यांमध्ये हळूहळू उमटून पुन्हा विरत होता.

२४ पैकी २० जणांना तो दिसला नाही.

इथवर गोष्ट नुसतीच गमतीची आहे, खरा झटका पुढे आहे. या डॉक्टरांची नजर कुठे फिरते हे टिपणारं यंत्र समोर लावलेलं होतं. ज्या २० जणांना गोरिला दिसला नाही, त्यांतल्या १२ जणांची नजर थेट गोरिलावर पडली होती. म्हणजे डोळे पोहोचले होते, प्रकाश डोळ्यातल्या पडद्यावर पडला होता, फक्त आतून कोणी ‘गोरिला!’ म्हणालं नाही. नंतर तोच स्कॅन पुन्हा दाखवला तेव्हा तो सगळ्यांना दिसला.

हा प्रयोग सांगून डॉक्टरांची टर उडवण्याची पद्धत पडली आहे. ती मला पटत नाही. त्याच प्रयोगात डॉक्टर नसलेल्या २५ जणांनाही बसवलं होतं. त्यांतल्या एकालाही गोरिला दिसला नाही. गाठी शोधण्यात मात्र रेडिओलॉजिस्टनी ५५ टक्क्यांपर्यंत मजल मारली, तर या मंडळींनी जेमतेम १२ टक्के. सांगितलेलं काम डॉक्टर नीट करत होते. ‘गाठ शोध’ असं मेंदूला बजावलं की मेंदू गाठीच शोधतो. १९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस यांच्या गाजलेल्या व्हिडिओतही तेच झालं होतं. बॉलचे पास मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी साधारण निम्म्यांना मधूनच चालत गेलेला गोरिला दिसला नव्हता.

वॉल्डो सापडेना

मग रेडिओलॉजिस्टची नजर मुळातच आपल्यापेक्षा तेज असते का? हे तपासायला कॅल्विन नोडाइन आणि एलिझाबेथ क्रुपिन्स्की यांनी १९९८ मध्ये त्यांना मुलांच्या पुस्तकातला गर्दीत हरवलेला वॉल्डो शोधायला लावला. शिवाय अमेरिकन व्यंगचित्रकार अल हर्शफेल्ड आपल्या चित्रांत केसांच्या बटांमध्ये, कपड्यांच्या चुण्यांमध्ये ‘नीना’ हे लेकीचं नाव लपवायचा, तेही शोधायला दिलं. निकाल असा, की रेडिओलॉजिस्ट चारचौघांइतकेच सामान्य निघाले. त्यांचं कसब एक्स-रेपुरतं. घरात हरवलेली किल्ली शोधायला रेडिओलॉजिस्ट नवरा किंवा बायको असण्याचा काडीचा फायदा नाही.

डोळ्याचं पातं लवायच्या आत

एक्स-रेपुरतं ते कसब मात्र थक्क करणारं आहे. १९७५ मध्ये हॅरॉल्ड कुंडेल आणि नोडाइन यांनी छातीचे एक्स-रे अवघे ०.२ सेकंद दाखवले. इतक्या वेळात डोळ्याला एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारायलाही सवड मिळत नाही. तरीही डॉक्टरांनी सुमारे ७० टक्के दोष बरोबर ओळखले. हवा तेवढा वेळ दिल्यावर हा आकडा ९७ टक्क्यांवर गेला. म्हणजे निदानाचा मोठा वाटा पहिल्याच झलकेत उरकतो, आणि उरलेला वेळ उरलेल्या थोड्यांसाठी खर्ची पडतो. (तो खर्च टाळू नये. ते थोडे म्हणजे कोणीतरी माणसं असतात.)

कुंडेल यांनीच २००७ मध्ये मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेंचं, वाचन तपासलं. स्तनाच्या कर्करोगाच्या ५७ टक्के जागांवर डॉक्टरांची नजर पहिल्या सेकंदाच्या आत जाऊन पोहोचली होती. रांगेने, पद्धतशीर, डावीकडून उजवीकडे बघत गेलं तर हे शक्यच नाही. आधी अख्ख्या चित्राचा ‘रंग’ कळतो, काहीतरी बिनसलंय एवढं जाणवतं, आणि मग डोळा तिकडे धावतो.

याहून चक्रावून टाकणारा प्रयोग २०१६ चा. कार्ला इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी रेडिओलॉजिस्टना अर्धा सेकंद मॅमोग्राम दाखवला आणि विचारलं, ही बाई आजारी वाटते की निरोगी? काही मॅमोग्राम दुसऱ्या बाजूच्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या स्तनाचे होते. तरीही त्यांचे अंदाज नुसत्या छापा-काट्यापेक्षा ठळकपणे सरस निघाले. गाठ कुठे आहे ते त्यांना सांगता येईना, कारण त्या चित्रात ती नव्हतीच. नेमकं काय खटकलं तेही सांगता येईना. आपल्याकडचे जुने डॉक्टर ‘मला काहीतरी बरोबर वाटत नाहीये’ म्हणायचे, त्याला आता प्रयोगशाळेतलं प्रमाणपत्र मिळालं म्हणा.

चुका तीन प्रकारच्या

डोळ्याच्या मध्यावरची तीक्ष्ण नजर फार चिंचोळी असते. हात लांब करून अंगठा उभा धरा. त्याच्या रुंदीएवढंच आपल्याला खरोखर स्वच्छ दिसतं. बाकी सगळं धूसर असतं, आणि डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत ते भरून काढतो. त्यामुळे कोणालाही वाटेल, की दोष सुटतो तो नजर तिथे पोहोचलीच नाही म्हणून.

१९७८ मध्ये कुंडेल, नोडाइन आणि कारमोडी यांनी सुटलेल्या गाठींचा हिशेब मांडला. नजर पोहोचलीच नाही, अशा चुका सुमारे ३० टक्के. नजर पोहोचली पण टिकली नाही, त्यामुळे ओळख पटली नाही, अशा सुमारे २५ टक्के. उरलेल्या ४५ टक्के चुकांमध्ये डॉक्टर त्या जागेकडे व्यवस्थित थबकून बघत होते आणि तरीही ‘काही नाही, ही रक्तवाहिनी असेल’ असं ठरवून पुढे गेले. चुकांचा सगळ्यात मोठा ढीग डोळ्यांचा नव्हताच, तो निर्णयाचा होता. ‘नीट बघा हो’ हा सल्ला त्यामुळे निम्म्या वेळा वायाच जातो. नीट बघितलेलंच असतं.

हाडच गायब

असलेलं दिसायला कठीण, मग नसलेलं दिसायला किती कठीण असेल? मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या जेम्स पॉचेन यांनी रेडिओलॉजिस्टना छातीच्या एक्स-रेंचा गठ्ठा वाचायला दिला. त्यातल्या एका रुग्णाचं गळ्याखालचं आडवं हाड, म्हणजे कॉलर बोन, एका बाजूला नव्हतंच. ६० टक्के डॉक्टरांच्या ते लक्षात आलं नाही. मग कर्करोगाच्या तपासणीचे एक्स-रे समजून बघा असं सांगितलं, तर ८३ टक्क्यांनी ते पकडलं. चित्र तेच होतं, बदललं होतं ते फक्त बघण्याचं कारण. काखेत कळसा असतो तो असा.

म्हणूनच छातीचा एक्स-रे शिकवताना मुलांना काही जागा मुद्दाम घोकून घेतात. फुप्फुसांची टोकं, हृदयामागची बाजू, श्वासपटलाखालचा भाग आणि हाडं. तिथे आपण होऊन नजर जात नाही, ती ओढून न्यावी लागते.

एक मिळालं, बाकीचं राहिलं

एक मोठा दोष सापडला की दुसरा छोटा सुटण्याची शक्यता वाढते. अपघातातल्या रुग्णाचं मांडीचं मोडलेलं हाड सगळ्यांना दिसतं, पायाच्या बोटाची चीर राहून जाते. अमेरिकेतल्या आयोवाचे केव्हिन बर्बाम यांनी याचा वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. आधी सगळ्यांना वाटायचं, की पहिला दोष सापडल्यावर डॉक्टर खूश होऊन फिल्म बाजूला ठेवत असणार. प्रत्यक्षात तसं नव्हतं. पहिला दोष सापडल्यावरही त्यांचा शोध चालूच राहिला, तरीही दुसरा दोष निसटत होता. सोपं स्पष्टीकरण चुकीचं ठरलं की शास्त्रज्ञांना फार आनंद होतो, तो इथे झाला असणार.

क्वचित असलेलं क्वचितच दिसतं

रेशनच्या तांदळात पदोपदी खडे असतात, म्हणून निवडणाऱ्या बाईची बोटं सावध असतात. दाताखाली खडा येतो तो भारी बासमतीच्या भातात, कारण तिथे तो असेल असं कोणाला वाटलेलंच नसतं. वूल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये हेच आकड्यांत मांडलं. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असेल तर सुटण्याचं प्रमाण ७ टक्के. तीच वस्तू शंभरात एकाच चित्रात असेल तर ३० टक्के. विमानतळावर बॅगांमध्ये शस्त्रं शोधणाऱ्यांची हीच पंचाईत असते.

मॅमोग्राफीच्या सामूहिक तपासणीत हजार बायकांमागे साधारण तीन ते पाच जणींना कर्करोग निघतो. बाकी नऊशे पंच्याण्णव चित्रं स्वच्छ. २०१३ मध्ये इव्हान्स, रॉबिन बर्डवेल आणि वूल्फ यांनी एक बेमालूम प्रयोग केला. कर्करोगाच्या केसेस रोजच्या कामाच्या ढिगात गुपचूप मिसळल्या, आणि त्याच केसेस प्रयोगशाळेत, जिथे निम्मी चित्रं कर्करोगाची होती तिथेही दाखवल्या. प्रयोगशाळेत १२ टक्के सुटल्या, रोजच्या कामात ३० टक्के. म्हणून डॉक्टर परीक्षेत किती गुण मिळवतो आणि सोमवारी सकाळी कामावर काय करतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

फिल्म तपासायला गेले आणि डॉक्टर सापडले

ही सगळी भानगड उघडकीला आली ती क्षयरोगामुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लोकांचे छातीचे एक्स-रे घाऊक प्रमाणात काढायचे होते. मोठी फिल्म परवडते की छोटी चालेल, एवढाच साधा प्रश्न होता. बर्केलो आणि सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये पाच वाचकांना वेगवेगळ्या आकाराच्या फिल्म दिल्या. फिल्म-फिल्ममधला फरक राहिला बाजूलाच, वाचक-वाचकांमधला फरक त्याहून मोठा निघाला! सॅन फ्रान्सिस्कोचे रेडिओलॉजिस्ट हेन्री गारलंड यांनी १९४९ मध्ये हे प्रकरण धसाला लावलं. दोष असलेल्या फिल्मपैकी सुमारे ३० टक्के नजरेतून सुटत होत्या. त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे तीच फिल्म त्याच डॉक्टरला काही दिवसांनी पुन्हा दिली, तर पाचातल्या एका खेपेला तो स्वतःशीच असहमत व्हायचा.

गारलंड यांच्या सहकाऱ्यांना हे ऐकून गुदगुल्या झाल्या नसतील. पण एकच मॅमोग्राम दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे वाचायचा, ही युरोपातल्या अनेक देशांतली आजची पद्धत याच जाणिवेतून रुजली.

लाल चष्मेवाले

१९५० च्या दशकापर्यंत रेडिओलॉजिस्ट ओळखायची सोपी खूण म्हणजे भर दिवसा लाल काचांचा चष्मा. त्या काळी फ्लुरोस्कोपीचा, म्हणजे हलता एक्स-रे दाखवणारा, पडदा इतका मंद उजळायचा, की आधी अंधारात बसून डोळे सरावल्याशिवाय त्यावर काही दिसायचं नाही. प्रत्येक रुग्णाआधी असं कोण बसणार? १९१६ मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म ट्रेंडेलेनबुर्ग यांनी युक्ती काढली. अंधारात बघणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना लाल उजेड जवळजवळ जाणवत नाही. लाल चष्मा लावून उजेडात हिंडा-फिरा, त्या पेशींना वाटतं अंधारच आहे. चित्र उजळवणारी यंत्रं आल्यावर चष्मे अडगळीत गेले. खोल्या मात्र आजही मंद उजेडाच्याच असतात.

नसलेली चीर

कधी कधी डोळा आपणहून थापही मारतो. गडद आणि फिकट भाग जिथे भिडतात तिथे एक जादा रेघ दिसते. प्रत्यक्षात ती नसते, डोळ्यातल्या पेशी कडा ठळक करण्याच्या नादात ती काढतात. एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये तिचं वर्णन केलं. मानेच्या दुसऱ्या मणक्याला दातासारखं एक टोक असतं. त्याच्या बुडाशी ही रेघ उमटली तर हाड मोडल्यासारखं दिसतं. उपाय बिनखर्चाचा आहे. शेजारची कड कागदाने झाका, चीर खोटी असेल तर नाहीशी होते.

कबुतरांची ओपीडी

२०१५ मध्ये रिचर्ड लेव्हन्सन, एडवर्ड वॉसरमन आणि सहकाऱ्यांनी कबुतरांना स्तनाच्या पेशींची सूक्ष्मदर्शकाखालची चित्रं दाखवली. कर्करोग की साधी गाठ? बरोबर बटणावर चोच मारली की दाणा. पंधरा दिवसांत कबुतरं ८५ टक्के बरोबर उत्तरं द्यायला लागली. चार कबुतरांची मतं एकत्र केल्यावर अचूकता ९९ टक्क्यांवर गेली. मॅमोग्राममधले कॅल्शियमचे बारीक ठिपकेही त्यांना जमले. संशयास्पद गाठींची पाळी आली तेव्हा मात्र पोपटपंची उघडी पडली (कबुतरांची!). शिकवलेली चित्रं त्यांनी पाठ केली होती, नवीन चित्र आलं की दांडी गुल.

मुंबईकरांना कबुतर आणि छातीचा स्कॅन हे नातं वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. दादरच्या कबुतरखान्यावरून झालेल्या वादात छातीचे डॉक्टर हिरिरीने बोलले, कारण कबुतरांच्या पिसांनी आणि विष्ठेने काही जणांच्या फुप्फुसांना होणारी सूज सीटी स्कॅनवर त्यांना दिसत असते.

स्कॅनला चेहरा

जेरुसलेममधल्या येहोनातान टर्नर या तरुण रेडिओलॉजिस्टने स्कॅनसोबत रुग्णाचा फोटो जोडून पाहिला. २००८ मध्ये त्याने हे काम मांडलं. फोटो असलेल्या स्कॅनचे रिपोर्ट जास्त बारकाईने लिहिले गेले. ज्यासाठी स्कॅन केला नव्हता असे दोषही डॉक्टरांनी नोंदवले. तीन महिन्यांनी तेच स्कॅन फोटोशिवाय दिले, तेव्हा अशा अचानक सापडलेल्या दोषांपैकी सुमारे ८० टक्के रिपोर्टमध्ये आलेच नाहीत. फोटोत रोग दिसत नव्हता. दिसत होता तो फक्त माणूस.

दमलेले डोळे, न दमलेली नजर

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २०१५ च्या हिशेबानुसार, आठ तासांच्या पाळीत सगळं काम उरकायचं तर रेडिओलॉजिस्टला दर तीन-चार सेकंदांनी एक चित्र बघावं लागतं. क्रुपिन्स्की यांनी दिवसभराच्या कामानंतर डॉक्टरांना हाडांचे एक्स-रे दिले, तेव्हा मोडलेली हाडं ओळखणं घसरलं आणि डोळ्यांना नीट फोकस करणंही जड गेलं. म्हणजे गठ्ठ्याच्या तळाशी असलेल्या रुग्णाचं काही खरं नाही?

ही भीती इंग्लंडने थेट तपासली. सुमारे १२ लाख बायकांचे मॅमोग्राम, ४६ केंद्रं. दुसऱ्या डॉक्टरने गठ्ठा उलट्या क्रमाने वाचायचा, म्हणजे एकाच्या थकव्याची भरपाई दुसऱ्याच्या ताजेपणाने होईल. २०१६ मध्ये निकाल आला. कर्करोग सापडण्यात काहीही फरक पडला नाही, आणि एका बैठकीत गठ्ठा वाचता वाचता नजर मंदावते याचा पुरावाही मिळाला नाही. इतका तर्कशुद्ध उपाय इतक्या थाटात फसलेला पाहून मला त्या संशोधकांचं कौतुकच वाटलं. निकाल दडपला नाही, छापला.

यंत्र म्हणतं म्हणून

२०१६ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या जेफ्री हिंटन यांनी रेडिओलॉजिस्ट घडवणं आता बंदच करा, पाच वर्षांत यंत्र त्यांना मागे टाकेल, असं भाकीत केलं होतं. पाच वर्षं कधीच उलटली, रेडिओलॉजिस्ट आहेत तिथेच आहेत. यंत्र मात्र शेजारी येऊन बसलंय. स्वीडनमध्ये ८० हजारांवर बायकांच्या तपासणीत यंत्राची मदत घेतल्यावर डॉक्टरांचं वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी घटलं आणि सापडणाऱ्या कर्करोगांची संख्या घटली नाही. क्षयरोगाच्या तपासणीत १५ वर्षांवरच्या लोकांचे एक्स-रे माणसाऐवजी सॉफ्टवेअरने वाचले तरी चालतील, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये केली. असं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांत मुंबईची क्युअर डॉट एआय ही कंपनीही आहे. एक्स-रे मशीन पोहोचलंय पण ते वाचणारा डॉक्टर पोहोचलेला नाही, अशा गावांसाठी ही मोठीच सोय.

गंमत आहे ती माणूस आणि यंत्र एकत्र बसल्यावर. जर्मनीत कोलोनच्या संशोधकांनी २०२३ मध्ये २७ रेडिओलॉजिस्टना यंत्राचं मत सोबत देऊन मॅमोग्राम वाचायला लावले. काही ठिकाणी यंत्राचं मत मुद्दाम चुकीचं ठेवलं होतं. यंत्र बरोबर असताना सगळेच ८० टक्क्यांच्या आसपास बरोबर होते. यंत्र चुकल्यावर नवशिके जवळपास २० टक्क्यांवर कोसळले. आणि केस पिकलेले अनुभवी? तेही ४५ टक्क्यांवर आले. गोरिलाच्या प्रयोगात डोळ्यांसमोरचं दिसलं नव्हतं, इथे दिसत असलेलं यंत्रासाठी नाकारलं गेलं. माझ्या मते हा प्रयोग गोरिलापेक्षा जास्त गाजायला हवा होता.

दुखतंय कुठे?

आता कामाची माहिती. बर्बाम यांच्याच १९८८ च्या अभ्यासात, नेमकं कुठे दुखतंय हे सांगितल्यावर डॉक्टरांना मोडलेली हाडं ओळखणं जास्त चांगलं जमलं. आपल्याकडे चिठ्ठीवर बहुतेक वेळा ‘एक्स-रे, उजवा हात’ एवढंच असतं, आणि मग रिपोर्टच्या तळाशी ‘रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे’ अशी इंग्रजी ओळ येते. पुढच्या वेळी टेक्निशियनला बोटाने दाखवा: इथे, करंगळीच्या बुडाशी, दाबलं की जास्त दुखतं. आणि जुनी फिल्म घरी कपाटावर ठेवलेली असेल तर तीही घेऊन जा. मागच्या वर्षी हा ठिपका होता की नव्हता, हे त्या फिल्मशिवाय कोणालाच सांगता येत नाही.